खडूचा कीबोर्ड

आमच्या नाटकमंडळीत एक गृहस्थ होते, त्यांना सगळे गडगडाट म्हणत. खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक. नाटकातले आवाज काढणं हे त्यांचं काम. तरुणपणी विंगेत उभे राहून ते पत्रा हलवून आभाळ फोडायचे, करवंट्या आपटून घोडे दौडवायचे. मी रंगमंचावर भेदरून दाराकडे बघायची तेव्हा माझ्यातली निम्मी भीती त्यांच्या हातातली असायची. टाळ्या मात्र मला. पुढे पत्रा गेला, कॅसेट आली, मग कॉम्प्युटर. दर वेळी ते आधी कुरकुरले आणि महिन्याभरात त्यात पोहायला लागले.

मागच्या वर्षी त्यांचा जुना कॉम्प्युटर बंद पडला. लेकीने आपला चंदेरी लॅपटॉप बाबांना देऊन टाकला. दिसायला देखणा, पण त्याची आतली सगळी व्यवस्थाच निराळी. जुन्यावर कंट्रोलचं बटण कोपऱ्यात होतं. ते करंगळीने दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताने अक्षर. जी म्हणजे गडगडाट, डी म्हणजे दार, पी म्हणजे पाऊस, के म्हणजे कुत्रा. के कुत्र्याने अडवलं म्हणून कोंबड्याला क्यू. दोन बटणं एकदम अशासाठी, की चुकून कोपर लागलं तरी प्रेमाच्या प्रवेशात कुत्रा भुंकू नये. नव्यावर मात्र कंट्रोलचं काम कमांड नावाचं बटण करायचं, आणि ते स्पेसबारला खेटून, अंगठ्याखाली. अठरा वर्षं मुरलेली करंगळी कोपऱ्याकडेच धाव घ्यायची.

तालमीत पहाट झाली, नायिकेने खिडकी उघडली. गडगडाटांनी मन घट्ट करून अंगठा वापरला आणि कमांडबरोबर क्यू दाबलं. त्या मशीनच्या लेखी ह्या जोडीचा अर्थ 'दुकान बंद करा'. कोंबडा गेला, त्याच्या मागोमाग पाऊस गेला, घोडे गेले, सगळा प्रोग्रामच मिटला. नायिका खिडकीत एवढा वेळ ताटकळली की पहाटेची दुपार झाली.

मॅनेजर माणूस वाईट नाही, पण त्यालाही प्रयोग सांभाळायचा होता. "काका, शनिवारी एक जरी आवाज हुकला, तर पुढच्या प्रयोगापासून तुमच्या खुर्चीत थिएटरचा माणूस बसेल," तो म्हणाला.

 मला हे कळलं ते गडगडाटांच्या बायकोचा फोन आला तेव्हा. जेवताना ताटाच्या काठावर अंगठा दाबतात, झोपेत 'के, के' करतात, आता मी काय करू, असं ती विचारत होती.

मी माझ्या सगळ्या लांबलचक भूमिका पायांनी पाठ केल्या. प्रत्येक वाक्याला एक पाऊल. डोकं दगा देतं, पाय देत नाहीत. म्हणून सोमवारी सकाळी रिकाम्या रंगमंचावर मी खडूने भलामोठा कीबोर्ड काढला, एकेक बटण पाटाएवढं. क्यूवर ठसठशीत फुली मारली आणि कोंबड्याला आर दिलं. गडगडाट आधी लाजले, मग एक पाय कमांडवर ठेवून दुसरा पीपर्यंत नेऊ लागले. पाऊस पडला नाही, पॅंट उसवली. डबा घेऊन आलेली त्यांची बायको हसून हसून खाली बसली.

"हसतेस काय, ये इकडे," मी म्हटलं आणि तिलाच कमांडवर उभी केली.

मी ओरडायची 'दार', ती कमांडवर पाय आपटायची, हे डीवर उडी घ्यायचे. 'घोडे', 'पाऊस', 'कुत्रा'. मंगळवारी मी त्याला चाल लावली, बुधवारी लय वाढवली. झाडूवाली बाई झाडू टेकून बघत बसली आणि चुकलं की जिभेने च्च करायची. गुरुवारी दोघं धापा टाकत, चपला भिरकावून, एकही चूक न करता नाचत होते. चौतीस वर्षांच्या संसारात गडगडाटांची बायको पहिल्यांदाच रंगमंचावर आली होती.

शनिवारी त्यांची बायको आणि मी शेवटच्या रांगेत बसलो, मागे आवाजाची काचेची खोली. पहिलाच आवाज दारावरच्या थापेचा. नटाने दाराकडे पाहिलं. थाप पडेना. मी वळून पाहिलं. गडगडाटांचं उजवं बोट डीवर आपटत होतं, टेबलाखाली पाय अचूक नाचत होते आणि डावा हात मांडीवर निवांत वाट बघत होता. त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं. कमांड दाबणारी तर माझ्या शेजारी बसली होती.

मी तिला कोपराने ढोसलं. "ऊठ, तुझी एन्ट्री आहे."

ती गेली. रंगमंचावरच्या नटाने, जुना मुरलेला गडी तो, तोवर चष्मा काढला, पुसला, परत घातला. तिने अंगठा टेकवला आणि दारावर थाप पडली. प्रेक्षकांना वाटलं, काय धीर धरला ह्याने.

मध्यंतरात मॅनेजर खोलीत शिरला. काकू इथे काय करतायत, हा त्याचा पहिला प्रश्न.

"अर्धा कीबोर्ड तिच्याकडे आहे," गडगडाट म्हणाले.

दुसरा अंक मॅनेजरने त्यांच्या पाठीशी उभं राहून पाहिला. वादळ वेळेवर आलं, घोडे वेळेवर दौडले, आणि कोंबडा असा खणखणीत आरवला की प्रेक्षकांतून टाळी पडली. पडदा पडल्यावर मॅनेजरने एवढंच विचारलं, की पुढच्या शनिवारी काकू मोकळ्या आहेत ना. दौरा असेल तर गाडीत खिडकीची जागा लागेल, असं काकूंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

परवा मी प्रयोगाआधी लवकर पोचले. खोलीत गडगडाट एकटेच होते. डावा अंगठा कमांडवर, उजव्या हाताची बोटं सैल, आणि दार, पाऊस, घोडे, कोंबडा एकामागून एक लोण्यासारखे निघत होते. मला बघून ते थबकले. तेवढ्यात जिन्यात काकूंच्या चपला वाजल्या, आणि गडगडाटांनी डावा हात उचलून गुपचूप मांडीवर ठेवला.