न धुतलेला शर्ट

जालना-हसनाबाद बसमध्ये शेजारी बसलेल्या त्या काकांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. लेकीकडे जर्मनीला जाऊन, तिथलं जगभरातल्या जातिवंत कुत्र्यांचं प्रदर्शन पाहून ते गावी परतत होते. सुटकेस त्यांनी पायाशी ढकलली होती. गाठ मारलेली एक पिशवी मात्र दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती.

“आत काही नाजूक आहे का, काका?”

“शर्ट हाय. तिथल्या कुत्र्यांच्या पाठीवर हात फिरवला, की याच शर्टाला पुसायचो. लेक धुवायला मागत होती. बिलकुल देला न्हाई.”

“का हो?”

“घरी आमचा कुत्रा वाट पाहून राह्यला. त्याला फोटोतलं काय कळतंय? मंग म्हणलं, हुंगू दे बराबर.”

फाट्यावर ते पिशवी छातीशी धरून उतरले अन् झपाझप चालू लागले. सुटकेस घेऊन मलाच मागे पळावं लागलं.