बस्त्यावचे पुढचे दात

दुपारी जेवून मी ओट्यावर चटई टाकते आणि जरा आडवी होते. झोपायचं नाही, अंगणात बोंबील वाळत घातलेत, मांजरावर लक्ष ठेवायचंय. डोळे मिटतात न मिटतात तोच शेजारी कोणीतरी बसतं. पावडरीच्या वासावरून कळतं, हे आलेत. माझे यजमान, बस्त्याव. जाऊन तीन वर्षं झाली.

"सरक की जरा," ते म्हणतात.

"मेलात तरी माझ्याच चटईवर जागा पाहिजे," मी म्हणते आणि सरकते.

आता आम्ही मुंबईच्या त्या हॉटेलात आहोत, जिथे यांनी बावीस वर्षं सॅक्सोफोनवर रिदम अँड ब्लूज वाजवलं. वसईच्या लग्नांत बँडबरोबर फिरणारा हा माणूस, पण इथे लोक नाचायचे थांबून याला ऐकायचे. मी भाळले ती त्या आवाजावरच, खोटं कशाला बोलू. टेबलांवर ताटल्यांऐवजी माझे बोंबील मांडलेत. त्याचं मला काही वाटत नाही.

इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी विचारून टाकते. "दात दुखून तुम्ही रडत होता. मीच डॉक्टरला म्हटलं, पुढचे उपटून टाका, कवळी बसवू. कवळीवर फुंकता येत नाही म्हणालात, आणि त्यानंतर मरेपर्यंत अकरा वर्षं तुम्ही सॅक्सोफोनला हात लावला नाहीत. मीच वाटोळं केलं ना तुमचं?"

ते हसतात. "अगं फिलू, माझा दम आधीच गेला होता. दोन वर्षं लांब सूर बँडमधला शेजारचा वाजवायचा, मी नुसते गाल फुगवायचो."

"आणि मला बोलला नाहीत?"

"लाज वाटली. दात गेले, मला बरं निमित्त मिळालं."

असा राग येतो म्हणता. मी मरियामातेसमोर रडून मेणबत्त्या लावल्या आणि हा बाबा मजेत माझ्या हातची पेज ओरपत होता. मी यांच्या खांद्यावर एक चापट देते. खांदा ऊबदार लागतो.

"चुकलो," ते म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदाच. मग सॅक्सोफोन माझ्या गळ्यात अडकवतात. "बघ तूच किती दम लागतो. खालचा ओठ दातांवर दुमड. वरचे दात इथे टेकव. हं, फुंक."

मी फुंकते. म्हैस हंबरल्यासारखा आवाज निघतो. सगळं हॉटेल हसतं, हे तर खोकला येईपर्यंत.

जाग येते तेव्हा चार वाजलेत. खालचा ओठ ठणकतोय. आरशासमोर तो उलटून बघते, तर आतून दातांचे व्रण, ओळीने, चांगले खोल.

संध्याकाळी कालवण ओठाला असं झोंबतं की डोळ्यांतून पाणी येतं.

"आई, तिखट झालं का?" सून विचारते.

"नाही गं," मी म्हणते. "वाढ अजून."