दुखणं नंतर, आधी चपला

“दुखणं नंतर सांगा, अक्का. आधी चपला काढा.”

हे तिचं पहिलं वाक्य. लातुरातल्या माझ्याच घराच्या ओट्यावर बसून, भाजीची पिशवी घेऊन आलेल्या मलाच ती सांगत होती. मी मनात म्हणलं, घ्या, आली शहाणी! चपला काढल्या. ती माझ्या तोंडाकडं बघतच नव्हती, पायांकडं बघत होती.

सूनबाईनं बोलावलं होतं तिला. नीट बसायला, उठायला, चालायला शिकवते आणि त्यानं दुखणं हलकं होतं, असं कुणीतरी सुनेला सांगितलेलं. आता तुम्हीच बघा, सगळा जन्म बसण्या-उठण्यात गेला माझा, आणि ही नांदेडजवळच्या अर्धापूरकडची चाळिशीची बाई मला बसायला शिकवणार!

माझा संशय उगाच नव्हता. हिच्याआधी दोघं बघून झाले होते. एक मंगल कार्यालयात शिबिर घ्यायचे. अर्धा तास हात वर, हात खाली, आणि शेवटी पिशवीतून तेलाची बाटली. दुसरे मोबाईलवर शिकवायचे. पंधरा दिवसांत कंबर अठरा वर्षांची होईल म्हणाले. अठराव्या वर्षी माझी कंबर घागरी वाहून मोडलेली होती, ती परत घेऊन काय करू?

म्हणून हिला मी वडिलांच्या रीतीनं पारखायचं ठरवलं. वडील देवणीचे, बैलांतले जाणकार. म्हणायचे, विकणाऱ्याचं ऐकू नये, बसलेलं जनावर उठवून बघावं. घरात खुर्च्या असून मी तिला सतरंजीवर बसवलं, चहा दिला, आणि कप आत ठेवायच्या निमित्तानं उठवलं. कुठं हात न टेकता उठली. दारापर्यंत जाऊन वळली.

“झालं का बघून? आमच्याकडं बी बैल असाच बघतेत.”

मी पदर तोंडाला लावला. पण हसले म्हणजे विश्वास बसला असं नाही.

मग आणखी एक खोडी केली. दुखत होता डावा खुबा, सांगितला उजवा. ती म्हणाली, “चपला काढताना डाव्या पायावर उभं राहायला भ्यालात तुम्ही. दुखतंय डावं. मला खोटं सांगा खुशाल, डॉक्टरला तरी खरं सांगितलंय ना?” खुब्याचा काढलेला एक्स-रे फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं बघितलं, तेव्हा कुठं तिनं आपली पिशवी उघडली. मी सुनेला डोळ्यानं खुणावलं, आता निघते बघ बाटली. निघाली घडी घातलेली जुनी वाकळ.

“तीन महिने येईन. त्याउपर मी लागत असंल तर माझं शिकवणं खोटं.”

आपणहून गिऱ्हाईक सोडणारा दुकानदार मी तरी लातुरात बघितला नव्हता. मी म्हणलं, “मला खाली मांडी घालून बसता आलं तरी पुष्कळ.”

“कशासाठी बसायचंय खाली?” तिनं विचारलं.

खरं कारण मी सांगितलं नाही. आमच्यात गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन, मांडी घालून पूजा करतात. पोरवयापासूनचा माझा नेम. वर्षभर तो खुर्चीवर चालला होता. घरात कुणी काही म्हणत नव्हतं, पण मलाच वाटायचं, आपण देवाकडं पाहुण्यासारखं येतो आणि उठून जातो. मन लागतच नव्हतं. हे परक्या बाईला कशाला सांगू? म्हणलं, “भाजी निवडायला.”

मग काय, आठवड्यातून दोनदा भाजी निवडायचं शिक्षण! वाकळेच्या घडीवर उंच बसायचं, गुडघे सैल सोडायचे, उठताना आधी कुशीला वळायचं. मी गडबड केली की म्हणायची, “सावकाश. कुणी मागं लागलंय का?” खुबा हलका होत चालला. पण पूजेला खाली बसले की दहा मिनिटांत मानेत कळ. पुन्हा खुर्ची.

“बघ, म्हणले नव्हते?” मी सुनेला म्हणलं. “बोलायला गोड, कामाला काही नाही. उद्यापासून नको म्हणून सांग तिला.”

“बोलावलं मी. नको म्हणायचं तुम्ही म्हणा, आई,” असं म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सांगायचंच असं ठरवून मी पूजेला खाली बसले. पूजा आटपून मान वर केली तर ती शिकवणारी बाई दाराबाहेर उन्हात, चपला काढून उभी. किती वेळची, देव जाणे. हाक मारली नव्हती. लिंग गळ्यात गेलं, तेव्हा उंबऱ्याशी आली.

“तळहातावर ठेवून भाजी कोण निवडतं, अक्का?”

लाज वाटली, पण ताठा काही उतरला नाही. “हे आमचं देवाचं आहे बाई. यात तू बोलू नको.”

“देवाचं न्हाई बोलत, मानेचं बोलून राहिले. हात मांडीवर पडलाय, आन मान त्याच्यामागं विहिरीत वाकल्यावानी.”

“देवापुढं मान खालीच पाहिजे.”

तिनं विचारलं, “तुमच्या आईचा हात कुठं असायचा?”

आई डोळ्यांपुढं आली. पाठ भिंतीसारखी, हात छातीपाशी, नजर तळहातावर. हात माझाच खाली आला होता, वर्षाला बोटबोटभर, आणि मी त्याला नम्रपणा म्हणत होते.

तिनं कोपराखाली उशी दिली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. मी पुन्हा लिंग हातावर घेतलं. त्या दिवशी मान दुखली म्हणून मला उठावं लागलं नाही.

त्यानंतर मी तिला खोटं सांगितलं नाही. पण डोळा पिशवीवर होताच. बाटली काही निघाली नाही. तीन महिने भरले त्या दिवशी म्हणाली, “वाकळ राहू द्या तुमच्यापाशी.” मला वाटलं, असं म्हणतात सगळे. तिच्या वाराला मी चहाचं आधण ठेवलं. दोनदा उकळलं. सून म्हणाली, “आई, त्या नांदेडला गेल्या. तिकडं कुणाला तरी शिकवायला.”

तिचा शब्द खोटा निघावा म्हणून मी पहिल्या दिवसापासून टपून होते. खोटा निघायला हवा होता तो तीन महिन्यांचा, आणि नेमका तोच खरा निघाला.

आता बाजारातून आले की मी ओट्यापाशी डाव्या पायावर उभी राहते आणि उजवी चप्पल सावकाश काढते, तिथं बसून कुणी बघत असल्यासारखी.