एसटीच्या टपावरून आलेला कूलर

चहा संपवून घ्या आधी, नाहीतर मधेच ठसका लागायचा. ही फजिती मी सहसा कुणापुढे काढत नाही. पण तुम्ही काही परके नाही.

मी तेव्हा मोताळ्याच्या शाळेत शास्त्र शिकवायचो. त्या उन्हाळ्यात बायको, सुमन, तान्ह्या लेकीला घेऊन माहेराहून आली. पोरीचं अंग घामोळ्यांनी लाल झालेलं, दुपारभर तिचं रडणं. अकोल्याला सासऱ्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी एसटीच्या टपावर टाकून कूलर धाडला. पत्र्याची पेटी, वाळ्याच्या जाळ्या, आणि पंखा वेगळा बांधलेला. आमच्या गल्लीत असलं यंत्र कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"मिस्त्रीले बोलवा," सुमन म्हणाली.

"शास्त्राच्या मास्तरले मिस्त्री कायले पाह्यजे?" मी म्हणालो.

आणि मीच पंखा पेटीत बसवला. पेटी खिडकीत ठेवली, जाळ्या बाहेर, पंखा आत. खिडकी शेजारच्या नामदेवभाऊंच्या ओसरीवर उघडायची. भाऊंचा भाजीपाल्याचा मळा होता. त्यांची आई गोदामाय ऊन लागून आठ-दहा दिवस त्याच ओसरीवर खाटेला खिळलेली.

वरच्या पन्हाळीत बादलीभर पाणी ओतलं, बटण दाबलं. काय तो आवाज! दारातला पडदा सरळ कूलरकडे ओढला गेला.

"पाह्य, केवढी ताकद आहे," मी म्हणालो.

सुमन म्हणाली, "ताकद दिसून राह्यली. गार काऊन नाही लागत?"

खरंच लागत नव्हतं. उलट दारातून भट्टीसारखी झळ आत येऊ लागली. मी दार लावलं, तर घुसमटायला झालं. मग मला वाटलं, पाणी कमी पडतंय. घरचं पाणी संपलं तेव्हा बादली घेऊन नामदेवभाऊंच्या विहिरीवर गेलो.

"न्या गुरुजी, पाह्यजे तेवढं न्या," भाऊ म्हणाले. मग हळूच, "आता लय बरं वाटते."

मला वाटलं, भाऊ विचारताहेत. मी म्हणालो, "कायचं बरं? अजून जोर लावा लागन. आज दुपारभर चालूच ठेवतो."

भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी देवळात पाहतं. नुसतं पाहिलं नाही, माझ्या हातातली बादली घेऊन स्वतः दारापर्यंत आणून दिली. मी मनात म्हटलं, माणूस किती चांगला आहे.

दोन दिवस हेच. मी पाणी ओततोय, वाळा ओला करतोय, पंख्याला तेल देतोय, आणि घरात आम्ही तिघं वाफेवरच्या कणकेच्या फळांसारखे शिजतोय. सुमन पोरीला सुपानं वारा घालायची आणि माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी नामदेवभाऊ टोपलीभर आंबे घेऊन दारात उभे. डोळ्यांत पाणी.

"गुरुजी, माय उठून बसली. अर्धी भाकर खाल्ली तिनं. सोताचं लेकरू गरमीत ठेवून तुम्ही माह्या मायले गार हवा देल्ली. कोणी करते का इतकं?"

मला काही उमजेना. तसाच त्यांच्यामागून ओसरीवर गेलो. काय सांगू, चिखलदऱ्याला आल्यासारखं वाटलं. माझ्या कूलरच्या जाळ्यांतून वाळ्याच्या वासाची थंडगार झुळूक थेट गोदामायच्या खाटेवर येत होती. पंखा मी उलट्या तोंडानं बसवला होता. घरातली हवा ओढायची, गार करायची आणि शेजाऱ्याला द्यायची.

"भाऊ, अहो, माह्याकडून पंखा उलटा..." मी सांगू लागलो.

"राहू द्या गुरुजी. चांगलं काम करणारा असंच म्हणते."

मागून सुमन आली होती. तिनं पंख्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावून खांबाला टेकून हसत बसली. गोदामायनं हात पुढे केले. "आन वं ते लेकरू इकडं." पोरगी त्या म्हातारीच्या कुशीत गेली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा दुपारी गाढ झोपली.

मग पंखा सुलटा केलाच नाही. दुपार झाली की आम्ही तिघं आपल्याच कूलरची हवा खायला शेजाऱ्यांच्या ओसरीवर. गोदामायनं कडुनिंबाच्या पाण्यानं पोरीच्या घामोळ्या घालवल्या, तिला मांडीवर खेळवलं. आम्हा नोकरीच्या गावी एकट्या पडलेल्यांना घरचं माणूस मिळालं. त्या घराचे उपकार आम्ही अजून विसरलेलो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पलीकडच्या बाजूचे शेजारी आले. "गुरुजी, यंदा कूलर आमच्या बाजूच्या खिडकीत बसवता का? आमचा बुढा लय तरासला."

मी काही बोलायच्या आत सुमननं आतून उत्तर दिलं. "बसवतो ना. पण पंखा ह्यायलेच बसवू द्या. दुसऱ्याच्या हातानं गार हवा घराबाहेर जात नाही."