चावलेल्या कुत्र्याचा मालक

मी एकतीस वर्षं सांगलीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. ही गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्याची लाज मला त्यामुळंच जास्त वाटते. जंतू म्हणजे काय, लस कशी काम करते, पिसाळलेलं कुत्रं चावलं तर काय करायचं, हे मी सातवीच्या किती मुलांना फळ्यावर लिहून दिलं असेल याची मोजदाद नाही. आणि मला स्वतःला कुत्रं चावलं तेव्हा मी सहा दिवस घरात बसून राहिलो.

तसं का झालं ते समजायला थोडं मागं जावं लागेल. चार वर्षांपूर्वी माझी बायको कर्करोगानं गेली. उपचारांत काही कमी पडलं नव्हतं. शेवटी डॉक्टरांना विचारलं, "बरी होईल ना?" ते म्हणाले, "गुरुजी, खात्री देता येत नाही." आयुष्यभर ज्या विज्ञानाची मी बाजू घेतली, त्यानं माझ्या गरजेच्या वेळी असं हात वर करावेत, हे मला सहन झालं नाही. ती गेल्यावर माधवनगरच्या रिकाम्या घरात भिंती खायला उठत. शेजारच्या गल्लीत एक भजनी मंडळ भरायचं, तिथं जाऊन बसू लागलो. त्या लोकांनी मला माणसांत आणलं, हे मी कधी विसरणार नाही. तापानं पडलो तर डबा यायचा, दोन दिवस दिसलो नाही तर कुणीतरी दार वाजवायचं. मंडळाचे प्रमुख अप्पा वयानं माझ्याएवढेच, पण बोलण्यात मोठी खात्री. "शंका ही श्रद्धेला लागलेली कीड," असं ते म्हणत. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं, हा तिथला नियम होता. सुरुवातीला मला तो खटकला. पुढं पुढं त्यात विसावा वाटू लागला. विचारायचंच नाही म्हटल्यावर मनाचा केवढा ताप वाचतो! लोणंदला दिलेली माझी लेक फोनवर वाद घालायची, तेव्हा मी तिलाच चार गोष्टी ऐकवायचो. वर्षभर आमचं बोलणं नुसतं "जेवलात का?" एवढ्यावर आलं होतं.

त्या सकाळी मी कालव्याच्या बाजूनं फिरायला गेलो होतो. एका तोडलेल्या उसाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. जतकडचे धनगर दरवर्षी असे येतात. त्यांचं एक तांबडं कुत्रं बांधावरून आलं आणि भुंकलंही नाही, सरळ माझ्या पोटरीला धरलं. म्हातारा मेंढपाळ काठी घेऊन धावत आला. "मास्तर, दवाखान्यात चला, मी संगं येतो," म्हणाला. शाळेतला रुबाब अंगावरून जात नाही, न सांगताच त्यानं मास्तर ओळखला. मी म्हणालो, "माझा देव बघून घेईल," आणि लंगडत घरी आलो. नळाखाली पाय धरला आणि सवयीनं साबण लावला. साबण लावताना चोरी केल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी मंडळात अप्पांनी जखमेवर अंगारा लावला. सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, विज्ञानाचे मास्तर! यांनी सुई नाकारली. याला म्हणतात निष्ठा." लोकांनी माझ्या पाया पडून नमस्कार केला. खरं सांगायचं तर मला ते आवडलं. पण घरी आल्यावर फळ्यावर लिहिलेलं सगळं आठवू लागलं, रोग डोक्यात चढला की पाण्याचीही भीती वाटते, हेसुद्धा. पाण्याचा पेला तोंडाला लावताना हात थांबायचा. एकेक घोट घेऊन मी स्वतःला तपासायचो, आणि तपासलं म्हणून देवाची क्षमा मागायचो. लेकीला काही कळवलं नाही. ना धड विश्वास, ना धड शंका, असे ते दिवस गेले. तेव्हा एकच मागणं मागत होतो, "देवा, मला काहीतरी सांग."

सहाव्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात तोच मेंढपाळ. कपाळाला भंडारा, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ.

"घावलासा बाबा एकदाचं," असं म्हणून तो पायरीवरच टेकला. "सकाळधरनं गल्ल्या हुडकतोय. पोटरीला कुत्रं चावल्यालं, गळ्यात माळ असल्यालं मास्तर कुठं ऱ्हात्यात, म्हणून दारोदार इचारलं."

"का? काय झालं?"

"कुत्रं मेलं माजं. परवा. लाळ गळत हुती, पाणी न्हाई की भाकरी न्हाई. माज्यावरच धावून आलं. आमी तवर तीन मुक्काम पुढं गेल्तो. मेंढरं भावाच्या हवाली केली न् आलो." मग माझ्या पायाकडं बघून त्यानं विचारलं, "सुया घेतल्यासा न्हवं?"

मी नाही म्हणालो. हा माझ्या श्रद्धेचा प्रश्न आहे, असंही काहीतरी म्हणालो. 

"मीबी देवाचाच हाय, मास्तर. बिरोबाचं पाच पिढ्यांचं भगत आमी. माज्या चुलत्याला असंच चावलं हुतं. देवापुढं निजवला, भंडारा लावला. गेला बिचारा, लय हाल हून गेला. तवापास्नं आमच्यात रीत हाय, आदी भंडारा लावायचा न् त्याच पावली दवाखाना गाठायचा."

"देवाला विचारलं होतं का तुम्ही?"

"इचारलं की. देव काय बोलत न्हाई, मास्तर. दावतो. कुत्रं मरताना दावलं न्हाई का मला? आता आनि काय दावायचं ऱ्हायलं?"

तो उठला नाही. "तुमची सरधा तुमच्यापाशी. पर कुत्रं माजं हुतं. तुमचं काय बरंवाईट झालं तर त्यो भार माज्या डोक्यावर. तुमी उठल्याबिगर मी हितनं हालनार न्हाई. वाईच पाणी तेवढं द्या."

सहा दिवस मी देवाकडं खूण मागत होतो, आणि खूण माझ्या पायरीवर पाणी मागत बसली होती. मी त्याला पाणी दिलं, चप्पल घातली आणि दाराला कुलूप लावलं.

सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं जखम पाहिली, सगळं ऐकून घेतलं आणि रागावली नाही. म्हणाली, "काका, उशीर झालाय. तरी आत्ता लगेच सुरू करू. शंभर टक्के खात्री मी देऊ शकत नाही, पण हे न घेणं फार धोक्याचं आहे." तेच शब्द. चार वर्षांपूर्वी ज्या शब्दांचा मला संताप आला होता, ते ऐकून त्या दिवशी डोळ्यांत पाणी आलं. ही मुलगी मला खोटं सांगत नव्हती. जेवढं माहीत आहे तेवढंच बोलत होती, आणि जे माहीत नाही त्यासाठी तिनं हात झटकले नव्हते, उलट कामाला लावले होते. माझ्या बायकोच्या डॉक्टरांनीही तसंच केलं होतं. मला ते तेव्हा दिसलं नाही.

जखमेभोवती सुया टोचल्या तेव्हा म्हाताऱ्यानं माझा खांदा धरून ठेवला. तोंडानं बिरोबाचं नाव घेत होता. मीही माझ्या देवाचं घेतलं. डॉक्टरीणबाईंनी कुणालाच अडवलं नाही.

त्याच संध्याकाळी लेकीला फोन केला. ती रडली, मग ओरडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर झाली. पुढच्या सगळ्या सुयांना तीच मला घेऊन गेली.

आता बरेच महिने झाले, मी ठीक आहे. सुयांमुळं वाचलो, की विष अंगात गेलंच नव्हतं, की देवानं राखलं, हे मला ठरवता येत नाही, आणि तसं ठरवण्याची आता गरजही वाटत नाही. मंडळात मी सगळं खरं सांगून टाकलं. अप्पांनी खाली बघत पुढचं भजन सुरू केलं, काही जणांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मी अजून जातो, मागं बसतो, भजन म्हणतो. परवा भजन सुटल्यावर अप्पा मागं रेंगाळले. बाकीचे गेल्यावर हळूच त्यांनी विचारलं, "मास्तर, दवाखान्यात सोबत कोण लागतं का? माझ्या डोळ्यांना महिनाभर धड दिसत नाही." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच मला भीती ऐकू आली. किती दिवस ते ती एकट्यानं वागवत असतील!

"मी येतो ना अप्पा," म्हणालो.

देवाला शरण जायचं म्हणजे डोळे मिटून घ्यायचे, असं मी इतके दिवस समजत होतो. उद्या सकाळी नवाला आम्ही दोघं निघणार आहोत. काय निघेल ते दोघांनाही माहीत नाही. देवाला मी एवढंच सांगितलं आहे, की जे दाखवशील ते बघायचं बळ दे.