विळीसाठी एकवीस कच्चे दिवस

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, दोन टाळ्या वाजवल्या आणि जाहीर केलं, "आजपासून मी काही शिजवणार नाही आणि शिजवलेलं खाणार नाही!"

नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं. "चहा?"

"नाही."

"म्हणजे माझा चहासुद्धा?"

"तुमचा तुम्ही करा. गॅस तो आहे. निळं बटण दाबलं की पेटतो."

बावन्न वर्षांच्या बाईला असा नाटकातला प्रवेश घ्यायला रोज मिळत नाही, म्हणून मी तो पुरेपूर घेतला. आदल्या संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक पाहुण्या बाई येऊन गेल्या होत्या. फळं, भाज्या, मोड आलेली कडधान्यं, ओला नारळ, सगळं न शिजवता कसं खायचं ते त्यांनी दाखवलं. दूध-दही नाही, फोडणी नाही, विस्तवाशी संबंधच नाही. त्यांनी एका चक्रीतून अख्खा दुधी फिरवला आणि ताटात हिरव्या शेवयांचा ढीग पडला. बायकांनी आ वासला. मी मात्र त्या चक्रीकडे बघत मनात म्हटलं, हट्, आईंची विळी असती तर मी याच्या निम्म्या वेळात केलं असतं!

आई म्हणजे माझ्या सासूबाई. फणसाच्या लाकडाचा पाट, लोखंडी पातं, पात्याच्या टोकाला नारळ खवायची दातेरी चकती, अशी त्यांची विळी. लग्न होऊन भाईंदरला आले तेव्हा मला सुरी सोडून काही धरता येत नव्हतं. आईंनी मला तिच्यावर बसवलं आणि पुढची वीस वर्षं मी उठलेच नाही म्हणा ना. आई गेल्या, आणि चौदाव्या दिवशी माझ्या मोठ्या नणंदेने ती विळी वर्तमानपत्रात गुंडाळून पेणला नेली. "आईची आठवण," एवढंच म्हणाल्या. लेक ती, मी काय बोलणार? पण वन्संकडे मिक्सर आहे, नारळ खवायचं यंत्र आहे. विळी गेली ती थेट माळ्यावर. तेव्हापासून पाच वर्षं आमचं बोलणं दिवाळी आणि संक्रांतीपुरतं.

हॉलमधून घरी आले ती तशीच फोनला बसले.

"वन्सं, मी एकवीस दिवस कच्चं खाणार आहे."

"तू? साबुदाण्याच्या खिचडीसाठी एकादशी करणारी तू? एकवीस तास राहून दाखव."

"राहिले तर आईंची विळी द्याल?"

पलीकडे वन्संनी टीव्ही बंद केला.

"देईन," वन्सं म्हणाल्या. "पण रोज काय खाल्लंस त्याचा फोटो पाठवायचा. एक दिवस चुकला की विळी माझी."

झालं! मी दुसऱ्या दिवशी बाजार लुटायला निघाले. उत्तनहून मुळा आणि पालेभाजी घेऊन बसणारी मावशी मला वर्षानुवर्षं ओळखते. तिला म्हटलं, सगळं कच्चंच खाणार आहे, कोवळं दे. ती म्हणाली, "दात हाय ना शाबूत? मंग कायव न्हाय होत." शेजारच्या भाजीवाल्याकडे वळले. "भैया, ताजा देना, कच्चा खाना है." तो गंभीरपणे म्हणाला, "भाभी, हम तो सब कच्चाही बेचते हैं. पका के अभी तक किसी को नहीं दिया."

पहिले तीन दिवस मी काकडी, गाजर आणि अभिमान यांवर काढले. तिसऱ्या दिवशी बिटाचं सार करावं म्हणून मिक्सर लावला आणि झाकण लावायचं विसरले. भिंत, फ्रिज, मी, कॅलेंडर, सगळं लालभडक. नवरा आत आला, माझ्याकडे बघून किंचाळला आणि मग शांतपणे म्हणाला, "कोणाला मारलंस तेवढं सांग, म्हणजे पुढचं ठरवता येईल."

पण चौथ्या दिवशी मला साक्षात्कार झाला. पातळ पोहे डबाभर होते. नवरा महिन्यापूर्वी पेणला गेला होता, तेव्हा वन्संनी पिशवीभर दिले होते. दडपे पोहे! त्याला गॅस कुठे लागतो? ओलं खोबरं खवलं, कांदा बारीक चिरला, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ. वरून नारळाचं पाणी शिंपडलं आणि झाकण ठेवून त्यावर बत्ता ठेवला. फोडणी तेवढी गाळली. अर्ध्या तासाने पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीमुळे, पण आलं.

फोटो पाठवला. वन्संचं उत्तर आलं: "छान. अजून खा."

मग काय विचारता! मुगाला मोड आणायला टांगलेल्या पुरचुंड्या घरभर लोंबू लागल्या. नारळाच्या दुधात कोकमाचं आगळ घालून सोलकढी. भिजवलेल्या कच्च्या शेंगदाण्यांची चटणी. कोबीच्या पानात गाजराचा कीस गुंडाळून केलेल्या वळकट्या, ज्यांना नवरा 'बाळंतविडे' म्हणायचा. खजूर, गूळ आणि खोबऱ्याचे लाडू. आणि भूक अनावर झाली की दडपे पोहे. वन्सं आता नुसतं "छान" लिहीत नव्हत्या. "मुगाला मोड मोठे आलेत, कपडा जास्त ओला ठेवतेस." "सोलकढीत मिरची ठेचून घाल, आई घालायची." एकदा दुपारी एकपर्यंत फोटो गेला नाही, तर त्यांचाच फोन. "काय गं, मेलीस की जेवलीस?"

सर्वांत कठीण गेला तेरावा दिवस. समोरच्या गॅलरीतल्या वहिनी सुके बोंबील भाजत होत्या. त्या वासाने माझे पाय आपोआप गॅलरीत गेले. मी कठड्याला धरून, हातात मुळा घेऊन उभी. वहिनींनी चिमट्यात बोंबील धरून विचारलं, "देऊ का एक?" मी मुळ्याचा असा कडकडून चावा घेतला की त्या दचकून आत गेल्या.

एकविसावा दिवस रविवारी आला. शेवटचं ताट आपण स्वतः बघणार म्हणून वन्सं पेणहून ठाण्याला आणि तिथून घोडबंदरमार्गे दुसऱ्या एसटीने आल्या. हातात जड कापडी पिशवी. पिशवीतून वर्तमानपत्राचा कोपरा दिसत होता. माझं काळीज नाचायला लागलं!

मी ताट मांडलं. दुधीच्या शेवया (सुरीने कातलेल्या, बोट कापून), मुगाची उसळ न शिजवलेली, सोलकढी, लाडू, आणि मधोमध दडप्या पोह्यांचा डोंगर. वन्संनी सगळं चाखलं. पोहे तीनदा घेतले. मग पदराने तोंड पुसलं.

"पोहे मी दिलेलेच ना?"

"हो तर! तुमच्यामुळेच तरले."

"माझ्या घरामागे पोह्यांची गिरणी आहे, आठवते?"

"न आठवायला काय झालं? तिच्या धडधडीने मला तिथे दुपारची झोप लागत नाही."

"मग त्या गिरणीवर धुराडं कशाला आहे असं वाटतं तुला? शोभेला?"

मी पोहे वाढायचा डाव हवेतच थांबवला. नवऱ्याने लाडू तोंडाजवळ तसाच धरला.

"अगं बाई," वन्सं प्रेमाने म्हणाल्या, "साळी गरम पाण्यात भिजवतात. मग भट्टीवर तापलेल्या रेतीत भाजतात, आणि गरम असतानाच चेपतात. पोहे म्हणजे भाजून झालेलं धान्य. तू चौथ्या दिवशीच हरलीस."

आम्ही कोकणातली माणसं. आमच्याकडे पोहे डब्यात जन्माला येतात. गॅस लागला नाही म्हणजे कच्चं, यापलीकडे माझी अक्कल गेलीच नव्हती.

"चौथ्या दिवशी हरले, तर चौथ्या दिवशी सांगायचं ना!" मी ओरडले. "सतरा दिवस मला मुळे कशाला खायला लावलेत?"

वन्सं ताटातली कोथिंबीर बोटाने गोळा करत बसल्या. "सांगितलं असतं, तर रोज फोटो कोणी पाठवला असता?"

वन्संचा मुलगा पुण्याला असतो. यजमान जाऊन तीन वर्षं झाली. मी त्या वेळी पेणला जाऊन आले होते, हात जोडून बसले होते, चहा पिऊन परतले होते. त्या रोज दुपारी एकट्या जेवतात, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंच नव्हतं.

मला रडायला येईल असं वाटलं, म्हणून मी उठून उभी राहिले आणि हात उंचावून म्हणाले, "उद्यापासून पुन्हा पहिला दिवस! पोहे बाद!"

"गूळही," वन्सं म्हणाल्या. "उसाचा रस काय उन्हात घट्ट होतो?"

"गूळ बाद! पण फोटो नाही पाठवणार. इथे बसून डोळ्यांनी बघायचं."

"एकवीस दिवस?"

"एकवीस दिवस."

"कपडे दोन जोडच आणलेत."

"माझे घाला."

"तुझे मला ढगळ होतील," असं म्हणून त्यांनी मला जागेवर गार केलं, आणि पिशवीतून ती गुंडाळी काढली. कागद सोडवला. पातं नुकतंच धार लावून आणलेलं, चकचकीत. "ही अजून माझी आहे. फक्त ठेवायला देतेय."

सोमवारी सकाळी मी पाच वर्षांनी आईंच्या पाटावर बसले. पाय आपोआप हवा तसा दुमडला गेला. नारळाची वाटी चकतीवर फिरवली आणि खोबरं भुरभुर पडू लागलं.

"काळ्या पाठीपर्यंत खवू नको," वन्सं मागून म्हणाल्या.

"मला शिकवू नका. वीस वर्षं बसलेय हिच्यावर."

"मी तीस. सरक."

दुसऱ्या खेपेचं काय झालं, तेही सांगते. सोळाव्या दिवशी समोरच्या वहिनींनी पुन्हा बोंबील भाजायला घेतले. मी निग्रहाने गाजर किसत होते. वन्सं म्हणाल्या, "मी जरा शेजारी जाऊन येते," आणि पाच मिनिटांनी ताटलीत चार भाजलेले बोंबील घेऊन परतल्या. त्यातले दोन माझ्यापुढे सरकवले. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी छताकडे बघितलं.

दोन्ही बोंबील मी खाल्ले. पुन्हा पहिला दिवस सुरू झाला.

सध्या आमची पाचवी खेप चालू आहे. वन्सं दर दोन महिन्यांनी येतात, दिवस मोजतात, आणि अठराव्या-एकोणिसाव्या दिवसाच्या आसपास त्यांना हमखास काहीतरी खमंग सुचतं. पैजेचा निकाल लागेपर्यंत विळी हलवायची नाही, असं आमचं ठरलंय. आज बारावाच दिवस. त्या आताच आतून विचारतायत, घरात तांदळाचं पीठ आहे का.