एकाच सीटची गाडी

कौन्सिलची पत्रं फार सभ्य असतात. गळ्याला सुरी लावायची असली तरी आधी 'प्रिय रहिवासी' म्हणतील आणि शेवटी 'सहकार्याबद्दल आभार'. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात डार्बी हिल वसाहतीतल्या बावीस घरांच्या दारांतून असं पत्र आत पडलं. वसाहतीमागची गॅरेजं पाडायची ठरली आहेत. तीस सप्टेंबरपर्यंत रिकामी करावीत. त्यानंतर आत जे सापडेल ते भंगारात जाईल. आभार.

एकवीस गॅरेजांत फाटके सोफे होते, गंजलेल्या सायकली होत्या, मेलेल्या सासवांची कपाटं होती. त्यांचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. बाविसाव्यात मॅक्सीन टॉलीची गाडी होती.

ही गाडी कुठल्या कारखान्यातून बाहेर पडलेली नव्हती. इंग्लंडच्या या मुलखात एकेकाळी प्रत्येक परसात भट्टी असायची आणि बायका-पुरुष साखळ्या घडवायचे. ते गेलं, पण हातांची खाज गेली नाही. कुणी कबुतरं पाळतो, कुणी गाडी जोडतो. सांगाडा आणि पत्रे एका कंपनीकडून सुटे येतात, इंजिन आणि चाकं एखाद्या म्हाताऱ्या गाडीची काढून घ्यायची, आणि मग वर्षानुवर्षं गुडघे फोडून घ्यायचे. मॅक्सीन आणि तिचा नवरा डेस नऊ वर्षं फोडून घेत होते. खरं तर पहिली पाच वर्षं दोघं. मग डेसच्या फुप्फुसांनी संप पुकारला. एकतीस वर्षं लोखंडाच्या ओतशाळेत गिळलेली वाळू जाणार कुठे? तेव्हापासून तो नाकात नळी घालून गॅरेजात स्टुलावर बसायचा, पायाशी ऑक्सिजनचा सिलिंडर, आणि तिथून हुकूम सोडायचा.

"अगं, नट उलटा फिरवतेयस."

"तू उलटा बसलायस म्हणून तसं दिसतंय."

मॅक्सीन सत्तावन्न वर्षांची. मोटारींच्या तारांचे जुडगे बांधण्यात तिची बावीस वर्षं गेली. मग कारखाना पोलंडला गेला, ती इथेच राहिली. नंतर शाळेच्या स्वयंपाकघरात लागली, तेही सोडावं लागलं, कारण डेसला एकटं ठेवू नका असं डॉक्टर म्हणाले. 'ठेवू नका' म्हणायला डॉक्टरांचं काय जातं? आता दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक नवरा, आणि हवा गाळणारं एक यंत्र. ते दिवसरात्र घोरायचं. ते बंद पडलं तर तिला जाग यायची.

पत्र आलं त्याच दिवशी ती घरखात्याच्या कचेरीत जाऊन उभी राहिली. आतला माणूस टाय लावून बसला होता.

"गाडी अंगणात ठेवा ना," तो म्हणाला.

"नंबर नसलेली चालेल?"

"छे. नंबरप्लेट नसलेली गाडी वसाहतीत उभी राहिली तर आम्ही उचलतो."

"नंबर मिळतो सरकारी तपासणी पास झाल्यावर. तपासणीची तारीख मिळालीय अठ्ठावीस सप्टेंबर. तोवर गॅरेज हवं."

"तोवर आहेच की."

"आणि नापास झाली तर पुढची तारीख नोव्हेंबरात."

त्या माणसानं हात पसरले. पण मॅक्सीन कागद घेतल्याशिवाय कुठल्या कचेरीतून हलली नव्हती, इथूनही हलली नाही. तासाभरानं त्यानं लिहून दिलं की, तपासणीचं पास प्रमाणपत्र दाखवल्यास नंबर येईपर्यंत गाडी अंगणात ठेवू दिली जाईल. म्हणजे पास झाली तर गाडी, नापास झाली तर भंगार. अधेमधे काही नाही.

मॅक्सीननं कंबर कसली. या तपासणीला लोक घाबरतात ते उगीच नाही. सरकारी पुस्तक विटेएवढं जाड. बाहेर आलेली प्रत्येक कड बोथट हवी, प्रत्येक बोल्टाला टोपी हवी, आरशात एवढं दिसायला हवं, हॉर्न एवढा वाजायला हवा. गाडी जोडणाऱ्यांच्या क्लबात सगळे सांगायचे, कडांना रबराची पट्टी चिकटव आणि पास झालीस की वाटेत ओरबाडून काढ, आम्ही सगळे तेच करतो. मॅक्सीनला ते पटलं नाही. परीक्षेपुरती वेणी घालून जायचं तिचं वय उरलं नव्हतं. तिनं एकेक कड कानशीनं घासली, बोटाचं पेर फिरवून पाहिली, आणि मे महिन्यापासून चालवलेल्या यादीत पेन्सिलनं खूण केली. एकशे साठ खुणा.

अठ्ठावीसला सकाळी सातला डेस जिन्यात उभा. टोपी, मफलर, छोटा सिलिंडर पिशवीत.

"तू कुठे?"

"गाडीत."

"वीस मैल आहेत, डेस. वर छत नाही."

"चार वर्षं स्टुलावर बसलोय. आज रस्त्यावर सीटवर बसू दे."

"गार वाऱ्यात मेलास तर?"

"मग तुला माझ्यासाठीही अंगणात जागा मागायचं काम वाढेल."

तारीख ठरलेली असली की बिननंबराची गाडी तपासणीपर्यंत चालवत नेता-आणता येते, एवढी दया कायद्यात आहे. मॅक्सीन उजवीकडे स्टिअरिंगला बसली, डेस डावीकडे, सिलिंडर गुडघ्यांत धरून. रस्त्यावर गाडी वेताळासारखी ओरडत होती. बसथांब्यावरचे लोक वळून बघत होते. डेस काहीतरी बोलत होता, ते वाऱ्यात उडून जात होतं, आणि मॅक्सीनला त्याचं दुःख नव्हतं.

तपासनीस पार्गेटर उंच, पडेल चेहऱ्याचा, नखं स्वच्छ असलेला माणूस. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "मिसेस टॉली, रबर कुठेच नाही?"

"कडाच नाहीत तर रबर कशाला?"

त्यानं काठीला लावलेला, धारदार कडेला अडणारा गोळा काढला आणि कडेकडेनं फिरवत गेला. जिथे जिथे तो गोळा अडेलसं वाटे तिथे मॅक्सीनचा श्वास अडत होता. गोळा कुठेच अडला नाही. ब्रेक झाले. धूर झाला. आवाज मोजला, पार्गेटरनं आकड्याकडे दोनदा पाहिलं आणि पुढे गेला. आवारात गाडी गोल फिरवून त्यानं स्टिअरिंग सोडून दिलं. हलक्या गाड्या इथे हमखास मार खातात, चाकं आपण होऊन सरळ होत नाहीत. मॅक्सीनच्या गाडीची झाली, जरा कुरकुरत. काचेपलीकडे थांबायच्या खोलीत डेसनं चीज-कांद्याचा पाव उंच धरून तिला सलाम केला.

अडीच वाजता पार्गेटर सीटांपाशी आला. सीटबेल्टचा खांद्यावरचा पट्टा गाडीला जिथे बांधलेला असतो ती जागा सीटच्या वर निदान साडेचारशे मिलिमीटर हवी. उजवी सीट चारशे साठ. त्यानं टेप डावीकडे नेला. वाकला. पुन्हा मोजलं.

"चारशे वीस."

"नाही. दोन्हीकडे चारशे साठ. मी खूण केलीय."

"तुम्हीच बघा."

तिनं पाहिलं. चारशे वीस. आणि त्याच क्षणी तिला जून महिना आठवला. गाडी इतकी जमिनीलगत की डेस एकदा बसला तर उठता उठेना, शेजारणींना बोलावून दोघी-तिघींनी ओढावं लागे. एका दुपारी तिनं डाव्या सीटखाली चाळीस मिलिमीटरची चौकोनी नळी वेल्ड करून टाकली. सीट वर आली, डेस दाराच्या कडेवर हात टेकून आपला आपण उठला. फार खूश झाला होता. पट्टा मात्र होता तिथेच राहिला, आणि यादीवरची खूण मे महिन्याची होती.

तीस मिलिमीटर. दीड बोट.

"कापता येईल?" तिनं विचारलं.

"इथे आम्ही ग्राइंडर देत नाही," पार्गेटर म्हणाला. मग घड्याळाकडे पाहून, जरा खालच्या आवाजात, "मी चारला बंद करतो. सीट नसेल तर मला पट्टा मोजायचं कारण नाही. गाडी एकाच माणसाची आहे असं अर्जात दुरुस्त करून दिलंत तर बाकी सगळं पास आहे. अर्ज मिस्टर टॉलींच्या नावानं आहे. सही त्यांची लागेल."

मॅक्सीन थांबायच्या खोलीत गेली. कागद डेसच्या मांडीवर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. त्यानं पाव खाली ठेवला.

"एका माणसाची गाडी," तो म्हणाला. "मग मी नऊ वर्षं काय केलं?"

"हुकूम सोडलेस. सही कर."

"नोव्हेंबरात पुन्हा येऊ. तोवर सीटखालची नळी काप."

"कुठे ठेवून? परवा बुलडोझर येतोय. तुझ्या उशाशी ठेवू?"

त्यानं नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाला, "तू सीटखाली नळी लावलीस ना, त्याच दिवशी माझ्या मनात आलं होतं. पट्ट्याचं."

मॅक्सीननं त्याच्याकडे पाहिलं. "आणि बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तू ती काढली असतीस."

"काढलीच असती."

"मग पुन्हा तुम्ही दोघी-तिघी मला काखेत धरून उचलणार. पोत्यासारखं. मला वाटलं, तपासनीस बघणार नाही."

"एकशे साठ खुणा केल्या मी, डेस. हात सोलून घेतले. आणि तू स्टुलावर मूग गिळून बसलास?" तिचा आवाज चढला, खोलीतल्या दुसऱ्या माणसानं वर्तमानपत्र डोळ्यांपर्यंत ओढलं. "चार वर्षं त्या घरात मी काय करतेय माहितेय तुला? यंत्राचं घोरणं ऐकतेय. ही एकच गोष्ट आहे जी माझी आहे, आणि तीही तुझ्या नावावर. सही कर."

डेसनं पेन घेतलं. पेन कागदाला टेकवून तो थांबला.

"मॅक्स. एकटी गेलीस तर परत येशील ना?"

हा प्रश्न त्यानं खोडी काढायला विचारला नव्हता. मॅक्सीननं काचेकडे पाहिलं. बाहेर पार्गेटर दोन्ही हात मागे बांधून उभा होता. पावणेचार.

"दूध संपलंय," ती म्हणाली. "येताना घ्यायचंय."

डेसनं सही केली. वेडीवाकडी, पण पूर्ण नावाची.

सीटचे चार बोल्ट काढायला तिला सहा मिनिटं लागली. पट्टाही काढला. भोकांत रबरी बुचं बसवली. चाकं सोडली तर सगळ्या गाडीत रबर एवढंच. पार्गेटरनं रिकाम्या जागेकडे पाहिलं, कागदावर एक आकडा खोडून दुसरा लिहिला, आणि प्रमाणपत्र तिच्या हातात दिलं.

"घरी जोडलेल्या गाड्यांत इतकी साफ मी क्वचित पाहिली," तो म्हणाला. हा माणूस असं रोज म्हणत नसावा.

डेससाठी टॅक्सी आली. चालकानं सिलिंडर पुढे ठेवला, डेसला हाताला धरून मागे बसवलं, आणि सीट डिकीत टाकली. झाकण बसेना, म्हणून दोरीनं बांधलं. टॅक्सी फाटकातून निघाली तेव्हा मागून ती सीटच दिसत होती, पाठ वर करून पडलेली.

मॅक्सीन घरी आधी पोचली. दूध घेऊन.

प्रमाणपत्र पाहून घरखात्याच्या माणसानं अंगणात जागा दिली. दोन दिवसांनी गॅरेजं पाडली. तीन आठवड्यांनी नंबर आला, ती प्लेट डेसनं खिडकीतून हुकूम सोडत बसवून घेतली. डावीकडं जास्त, उजवीकडं कमी, आता पुन्हा डावीकडं.

आणि मग पहिला रविवार. खालच्या मजल्यावरची नोरीन डेसपाशी बसायला तयार झाली, अकरा ते बारा. त्यापुढे नाही, तिच्या ओव्हनमध्ये दुपारच्या जेवणाचं मांस असतं. म्हणजे एक तास. समुद्र अडीच तासांवर आहे. मॅक्सीननं नकाशा पाहिलाही नाही. ती नुसती पश्चिमेला निघाली, वसाहत सुटली, कारखान्यांच्या भिंती सुटल्या, कालव्यावरचा पूल गेला, आणि दोन्ही बाजूंना कुंपणाची झाडं आणि वर उघडं आभाळ आलं. कानात वारा भरला. डावीकडची जागा रिकामी होती, तिथून पाय गार पडत होता. एका टेकाडावर शेताच्या फाटकापाशी तिनं गाडी थांबवली. पुढे रस्ता उतारानं सरळ जात होता, स्वच्छ, मोकळा, कुणाचा नसलेला. तिनं घड्याळ पाहिलं. अकरा वाजून पंचवीस मिनिटं.

ती आणखी थोडा वेळ तिथेच बसून राहिली. इंजिन चालू होतं. मग मागे वळली.

दार उघडलं तेव्हा नोरीन अंगात कोट चढवून उभी होती, आणि डेस खिडकीपाशी, मनगट वर धरून.

"बासष्ट मिनिटं," तो म्हणाला.

"रहदारी होती."

"रविवारी?"

"हो," मॅक्सीन म्हणाली, आणि हातमोजे काढून चहाचं पाणी ठेवायला गेली. "रविवारी."